सोमवारपर्यंत मला कोंडून ठेवा

मी माकडीण बोलतेय. तंजावूरच्या राजवाड्यामागे हनुमंतरावांच्या परसात माझा पिंजरा आहे. माझ्या खांद्यावर दातांची खूण आहे. जखम भरली, भीती भरत नाही.

कावेरीकाठच्या नारळबागेत आईच्या पोटाला बिलगलेली असताना आमच्यावर जाळं पडलं. मला पाळणं गुन्हा आहे, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दर शनिवारी मारुतीला घातलेल्या वड्यांच्या माळेतला एक वडा मला देतात आणि हात जोडतात. कुलूप कुणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी हनुमंतरावांनी आफ्रिकेतलं एक धुरकट रंगाचं नर माकड चोरवाटेने आणवलं. "मारुतीचं लेकरू एकटं ठेवू नये," म्हणत माझ्याच पिंजऱ्यात सोडलं. शनिवारी वडा एकच आला. भांडण झालं आणि तो मला कडकडून चावला.

त्यांची मुलगी कीर्तना जनावरांची डॉक्टर. तिने दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. त्याच्या रक्तात विषाणू निघाला.

"इतका धष्टपुष्ट आहे तो. कसला रोग?" हनुमंतराव म्हणाले.

"त्याच्या जातीत तो विषाणू पिढ्यान्‌पिढ्या आहे, अप्पा. त्याला सहसा काही होत नाही. हिच्या जातीला तो नवा. हिला लागला असेल तर माणसाला एड्स होतो, तसं होऊन ही मरेल."

"हिला लागलाय?"

"हिचा रिपोर्ट सोमवारी."

"वनखात्याकडे कुणीतरी तक्रार केलीय. आजच सोडतो हिला. पुण्य लागेल."

"बाहेर चाळीस माकडं आहेत. ही कुणाला चावली तर?"

"मग मी जेलात बसू? तू डबा आणशील?"

"आणेन. वड्यासकट."

धुरकटला तर त्यांनी कालच गोणीत घालून दुसऱ्या कुणाकडे धाडलं. तिथेही पिंजरा असेल, पिंजऱ्यात माझ्यासारखी कुणी असेल. त्याची चौकशी कोण करणार?

वनखात्याच्या लोकांना घेऊन येते म्हणून कीर्तना स्कूटरवर गेली. ती वळणाआड होताच हनुमंतरावांनी कुलूप काढलं.

मागच्या भिंतीवर माझ्याच जातीची टोळी बसलीय. एक पिल्लू आईच्या पोटाला बिलगलंय. हनुमंतराव दाराबाहेर वडा धरून मला चुचकारताहेत. "जा बाई, मोकळी झालीस."

जन्मभर मी या दाराकडे बघत आले. आज ते उघडं आहे आणि मी मागचे गज दोन्ही हातांनी धरून बसलेय. हनुमंतराव आता काठी आणायला गेलेत. स्कूटरचा आवाज अजून येत नाही.

ऐकताय ना? कुणीतरी या आणि हे दार लावा.