माग जिथं थांबला

चोरांचा माग काढणाऱ्या धुळाजीनं पावलाच्या ठशावर झाकलेली पाटी उचलली आणि मातीला नाक लागेल इतका वाकला. भोवती निम्मी धर्मापुरी जमली होती. सकाळी आसाराम बायको-लेकीला घेऊन बाजारात घोंगड्या विकायला गेला आणि मागे त्याच्या भाड्याच्या खोलीतून लेकीच्या लग्नाचं गाठोडं गेलं. हिरवा शालू, चांदीचे वाळे, सगळंच. लग्न आठ दिवसांवर! त्याची बायको रतनबाई उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होती.

"दाराला कडी न्हाई, हे दिवाळीपासून सांगतोय, मालक," आसाराम म्हणाला.

"खोली माझी, आतलं सामान तुझं. चोरानं नेलं तर मी काय करू बे?"

घरमालक सुंदरराव माणूस वाईट नव्हता. फक्त कडीचं नाव निघालं की त्याला नेमकं दुसरं काम आठवायचं. त्याची बायको छबुबाईही सांगून सांगून थकली होती. आता लोक कुजबुजायला लागले तसा तो उसळला.

"धुळाजी माग काढतोय न्हवं? ज्याच्या दारात माग थांबंल, त्यानं भरून द्यायचं. गावचा रिवाज हाय. ही माझी जबान!"

धुळाजी निघाला. चिंचेला वळसा घालून, गोठ्यामागून, पाऊल पाऊल बघत तो थेट सुंदररावाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला.

"संपला माग."

"नीट बघ बे!"

"लई नीट बघितलं, मालक. दोनदा."

लोकांना हसू आवरेना. सुंदररावानं पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

"सुताराला बोलवा," तो शेवटी म्हणाला. "आन् शालू, वाळे मी देतो. जबान दिली हाय."

दिवस मावळायच्या आत कडी बसली. आसारामनं ती तीनदा लावून, काढून बघितली. तेव्हा छबुबाई गाठोडं काखेत घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं ते रतनबाईच्या मांडीवर ठेवलं.

"अवो वैनी, जीव गेलता की माजा!" रतनबाई रडता रडता हसत सुटली.

"चुकलं गं बाई माजं. पर उद्या खरा चोर आला असता तर?"

सुंदरराव धुळाजीकडे वळला. "तुला ठावं होतं?"

"जोडवी घालून हिंडनारा चोर म्या पैल्यांदाच बघितला, मालक."

आता अख्खं अंगण हसत होतं. सुंदरराव रागवायचं म्हणून उठला, पण शालूवरून हात फिरवणारी नवरी दिसली आणि त्यालाही हसू फुटलं.

"रिवाज तो रिवाज," तो म्हणाला. "चोर माज्या घरात निघाला. आसाराम, आता मांडव माज्या अंगणात. जेवणावळ बी माजी."

मग बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाला, "आगं, चोरीच करायची होती तर जोडवी काढून तरी जायचं."

"काढली असती, तर माग कसा लागला असता?" छबुबाई म्हणाली.