केस स्वच्छच होते

पार्लर माझं. आरसे माझे, कात्री माझी, पाटीवर नावही माझंच. आणि बायका दारातून आत आल्या की विचारणार, "म्याऊ आहे ना?"

म्याऊ म्हणजे केस धुवायला ठेवलेली माझी मदतनीस. आवाज इतका बारीक की हे नाव मीच पाडलं, चिडवायला. तर बायकांनी ते लाडाने उचललं. तिला धड वेणी घालता येत नाही. काम एवढंच, मागच्या खोलीतल्या बेसिनवर डोकं टेकून पडलेल्या बाईच्या केसांना शाम्पू चोळायचा आणि मधूनमधून "मग?" म्हणायचं.

त्या "मग?"ने माझं डोकं उठायचं. माझ्या खुर्चीत बसलं की बायका पोरांचे मार्क सांगतात. तिच्याकडे गेल्या की छताकडे बघत सगळं बोलून मोकळ्या होतात. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते, नवरा जवळ आला की नको वाटतं. एक आजीबाई तर म्हणाल्या, मला अजून हवंसं वाटतं गं, यांनाच झोप येते. आणि मग दोघींचं हसणं. इकडे माझ्या पोटात दुखायला लागायचं. म्याऊ उपदेश करत नाही, फार तर "डॉक्टरबाईंना दाखवू या, मी येते सोबत" म्हणते, आणि खरंच जाते. त्याचंही मला कौतुक नव्हतं. कौतुक कसलं, जळत होते मी तिच्यावर.

तरी गिऱ्हाइकांचं काय एवढं, म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा माझी लेक आली. नवीन लग्न झालेली, वर्षही झालं नाही अजून. मी म्हटलं, बस, टोकं कापून देते. तर म्हणते, "आधी म्याऊकडून धुऊन घेते." केस स्वच्छच होते. सकाळच्या शाम्पूचा वास अजून येत होता.

मी ड्रायर बंद केला आणि मागच्या पडद्याला कान लावून उभी राहिले. हो, चोरून ऐकलं. माझी पोरगी आहे ती.

"संबंध ठेवताना खूप दुखतं गं," ती सांगत होती. "पहिल्यापासून. तो समजूतदार आहे, लगेच थांबतो. पण आता झोपायची वेळ झाली की आम्हा दोघांनाही भीती वाटते."

"मग?"

"मग काय. माझ्यातच काहीतरी खोट आहे असं वाटतं."

"आईशी बोललीस?"

"तिच्या खुर्चीत बसलं की आरशात तिचा चेहरा दिसतो. नाही बोलवत मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुखतंय माझ्या लेकीला आणि आधी कळतंय हिला. मी पडदा सारून आत गेले.

"म्याऊ, तू चहा पिऊन ये. हिचे केस मी धुते."

म्याऊ हात पुसत बाहेर गेली. मी पाणी सोडलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मान एकदम ताठ झाली तिची.

"मग?" मी म्हटलं. तेवढ्याच बारीक आवाजात म्हटलं.

"पाणी गरम आहे," लेक म्हणाली.

संपलं. तेच बेसिन, तोच शाम्पू, शब्दही तोच, आणि माझ्या वाट्याला पाण्याची तक्रार. मला रागाने रडू यायला लागलं. मी तिचे केस टॉवेलात गुंडाळले, तिला उठवलं, आणि काय सुचलं कोण जाणे, तिच्या जागी मीच आडवी झाले.

"धू," मी म्हटलं.

"तुझे?"

"नाहीतर कुणाचे?"

इतकी वर्षं पार्लर चालवतेय, पण त्या बेसिनवर मी कधी डोकं टेकलं नव्हतं. तिथून नुसतं छत दिसतं, आणि ओलीचा एक डाग. माणसाचं तोंड दिसतच नाही. लेकीची बोटं केसांत फिरायला लागली.

"मलाही दुखतं," मी छताकडे बघत म्हटलं. "पाळी गेल्यापासून. आतून कोरडं पडतं, आग होते. म्हणून मी पाठ फिरवून झोपते. तुझ्या बाबांना वाटतं, मी रुसलेय त्यांच्यावर. त्यांना सांगितलेलं नाही मी. कुणालाच नाही."

बोटं थांबली. पाणी कानात शिरत होतं, तरी मी हलले नाही. आता ही म्हणणार, आई, काहीतरीच काय बोलतेस.

"मग?" लेक म्हणाली.

"मग काय, तुझंही ऐकलंय मी पडद्याआडून. दोघी मिळून जाऊ डॉक्टरबाईंकडे."

तिने पाणी बंद केलं. मग माझ्या कपाळावरचा फेस पुसून म्हणाली, "चालेल."

"आणि म्याऊला न्यायचं नाही सोबत," मी म्हटलं.