चौदा नावं आणि आदी मान्यवर

बातमी दोन ओळींची असते, नावं चौदा असतात. हे ज्याला कळलं त्याला आमच्या भागातली पत्रकारिता कळली. माउलीनगरात हळदीकुंकू झालं, ड्रेनेजच्या पाइपाचं पूजन झालं किंवा कुणाची पुतणी दहावीला ब्याण्णव टक्क्यांनी पास झाली, तर ती बातमी कुणी वाचत नाही. ‘यावेळी’ या शब्दापासून पुढे मात्र लोक चष्मा पुसून वाचतात. यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते. ज्याचं नाव आलं तो पाच अंक विकत घेतो. ज्याचं राहिलं तो मला रस्त्यात गाठून विचारतो, “सर, आमच्यावर काही राग?”

मी सुहास निसळ. शाळेत क्लार्क होतो, पण सगळे सर म्हणतात आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. नगरच्या एका दैनिकाचा मी सव्वीस वर्षं वार्ताहर होतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. आमची वसाहत पुणे रस्त्याला, केडगावच्या पुढे. अर्धे लोक सुप्याच्या कारखान्यांत, उरलेले नोकऱ्यांतून आणि शेतीतून निवृत्त. निवृत्त माणसांना कार्यक्रम फार लागतात.

आता आमची एक रीत सांगतो. बाहेरच्या कुणाला सांगितली की तो हसतो, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या पानाचा मजकूर साडेचारला बंद होतो आणि कार्यक्रम होतात सहाला. प्रमुख पाहुणे आले तर साडेसातला. मग दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी यायची कशी? सोपं आहे. दुपारी जेवण झालं की बातमी लिहून टाकायची. ‘उत्साहात संपन्न झाला’ असं लिहिताना मांडव घालणारे अजून बांबू उतरवत असायचे. कोण येणार हे ठरलेलंच असायचं. मी तर नावांची एक यादीच मोबाईलमध्ये करून ठेवली होती. अध्यक्ष आप्पासाहेब पहिले, महिला मंडळाच्या देवश्रीताई दुसऱ्या, असं करत करत चौदावा मच्छिंद्र ठाणगे.

मच्छिंद्र काही मान्यवर नव्हता. तो मूळचा मिरजगावकडचा, सुप्याला एका कारखान्यात कंत्राटी कामगार, आमच्यापासून चार घरं सोडून राहायचा. कार्यक्रम कुणाचाही असो, सतरंजी हाच अंथरणार, माईकला हॅलो-हॅलो हाच करणार आणि शेवटी खुर्च्याही हाच मोजून परत देणार. त्याचं नाव मी मुद्दाम टाकायचो. आप्पासाहेबांनी एकदा नाक मुरडलं तेव्हा मी म्हणालो, “आप्पासाहेब, चौदा जणांत खरोखर हजर असतो तो हा एकटाच.” तेव्हा हे मी थट्टेत म्हणालो होतो.

त्या गुरुवारी बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचं उद्घाटन होतं. मी दुपारी एकला बातमी लिहिली, यादी चिकटवली, पाठवली. संध्याकाळी गुडघा दुखत होता म्हणून घरी पाय शेकत बसलो. शुक्रवारी बातमी आली. कुणाचा फोन आला नाही, म्हणजे सगळी नावं बरोबर होती.

मंगळवारी सकाळी मच्छिंद्र दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. लीना, म्हणजे माझी बायको, चहा टाकायला आत गेली. त्याने खिशातून कात्रण काढून माझ्यापुढे धरलं आणि अगदी हळू विचारलं, “सर, मी हुतो का तिथं?”

“कुठं?”

“कट्ट्याच्या उद्घाटनाला. गुरवारी, सहा वाजता.”

मी म्हणालो, “असशीलच की. तू नसतोस असं कधी झालंय?”

“न्हाई सर. आई घसरून पडली हुती. खुब्याचं हाड मोडलं. चार वाजल्यापास्नं मी तिच्यासंगं दवाखान्यात हुतो. सेकंड शिफ्ट हुती, फोन करून रजा सांगितली हुती.”

मग त्याने सगळं सांगितलं. कारखान्यात या महिन्यात नऊ जणांना पर्मनंट करायचं होतं आणि त्यात त्याचं नाव होतं. सात वर्षं तो त्याची वाट बघत होता. आमच्याच वसाहतीतल्या कुण्या भल्या माणसाने बातमीचा फोटो कारखान्याच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘मान्यवर मच्छिंद्रभाऊ, अभिनंदन!’ कौतुकानेच टाकला हो. पण तो साहेबांनीही पाहिला. सोमवारी याला आत बोलावलं. दवाखान्याचा कागद आहे म्हणाला, तर ते म्हणाले, आई ॲडमिट आहे हे खरं, पण तुम्ही कुठं होता ते पेपरात आलंय. आई तिकडे मोडून पडली आणि मुलगा फीत कापायला? शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर यादीतून नाव जाईल.

“एक चिठ्ठी द्या सर. मी नव्हतो म्हून. लई उपकार हुतील.”

त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माणूस माझ्याकडे उपकार मागत होता. आणि मला दुसरीच गोष्ट टोचत होती. त्याची आई, बायडाबाई, पडून पाच दिवस झाले होते. गावभरच्या बातम्या देणारा मी, आणि चार घरांवरची ही बातमी मला नव्हती.

तो गेल्यावर लीना म्हणाली, “उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर एखादी कधीतरी पायाखाली येणारच.” मी तिच्यावर ओरडलो. कुणी खरं बोललं की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड आहे.

बुधवारी मी लेटरहेडवर चिठ्ठी लिहिली, ‘नजरचुकीने नाव छापले गेले’, आणि ती घेऊन सुप्याला गेलो. रोहिणी म्हणून तिथल्या एचआरच्या मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

“सर, तुम्ही त्यांचे शेजारी ना?”

“हो.”

“मग मी हे कसं धरू? चिठ्ठी आज लिहिलीय आणि बातमी त्या दिवशीची आहे. शेजाऱ्यासाठी माणूस चार ओळी लिहून देतोच. मला वाईट म्हणायचं नाही, पण वरचे साहेब मला विचारणार.” त्यांनी चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. “असं करा. त्या कार्यक्रमाला जे हजर होते त्यांच्यातल्या कुणाही दोघांची सही आणा, की मच्छिंद्र तिथं नव्हते. नाहीतर पेपरातच खुलासा छापून आणा.”

पेपरात खुलासा! सव्वीस वर्षांत माझ्या एकाही बातमीला खुलासा द्यावा लागला नव्हता. हे मी निरोप समारंभांत स्वतःविषयी सांगायचो. म्हटलं, सह्याच आणू. तेरा माणसं आहेत, दोन सह्या म्हणजे काय अवघड?

गुरुवारी सकाळी देवश्रीताईंकडे गेलो. मच्छिंद्रचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद पुढे केल्यावर मात्र म्हणाल्या, “मी जरा उशिराच गेले हो त्या दिवशी. माझ्या आधी तो येऊन गेला असेल तर? उगाच खोटी सही कशी करू?” पुढच्या घरी एक निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, मी लवकर निघालो, नंतर तो आला असेल तर? तिसरे म्हणाले, मी मागे बसलो होतो, पुढचं दिसलं नाही. चौथ्यांच्या घरी तर ते बाथरूममध्ये होते आणि मी पाऊण तास बसलो तरी बाहेर आले नाहीत. दुपारी एकपर्यंत सहा घरं झाली. कुणी उशिरा गेलेला, कुणी लवकर निघालेला, मध्ये तिथे बसलेला एकही सापडेना. राग तर एवढा आला होता! ज्याने यांच्या सतरंज्या उचलल्या त्याच्यासाठी एक सही होत नाही?

सातवं घर आप्पासाहेबांचं. ते ओसरीवर झोपाळ्यावर होते. मी बसलोही नाही. म्हणालो, “आप्पासाहेब, तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही तर पहिल्यापासून शेवटपर्यंत होता ना? सही करा.”

आप्पासाहेबांनी पायाने झोपाळा थांबवला. “सर, बसा जरा.”

“बसत नाही. सही करा.”

“अवो, कशाची सही करू?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “कार्यक्रम झालाच न्हाई.”

मी पुढे केलेला कागद खाली घेतला.

“पाव्हण्यांचा तीन वाजता फोन आला, आज जमत न्हाई म्हून. मी सगळ्यांना कळवलं, येऊ नका; मच्छिंद्राची शिफ्ट हुती म्हून तेवढं त्याला न्हाई. बागेत चिटपाखरू नव्हतं. फीत अजून तशीच गुंडाळून ठिवलीय माझ्या कपाटात.”

“मला का नाही कळवलं?”

“ते राहिलं खरं. आनि सकाळी बघतो तर तुमी झकास बातमी दिल्याली. उत्साहात म्हून. आमच्या सूनबाईनं स्टेटसला ठेवली. आता तुमाला कसं म्हनायचं, की सर, काई झालंच न्हाई?” मग ते माझी समजूत घालायला लागले. “मच्छिंद्राचं बघू आपन. मी साहेबांना फोन करतो. पर हे बाहेर काढू नका. चौदा लोकांचं हसं हुईल. तुमचं तर पहिलं.”

तेव्हा मला बसावं लागलं. सहा घरांतली ती उशिरा गेलेली आणि लवकर निघालेली माणसं माझ्या डोळ्यांपुढे आली. ते मच्छिंद्रला टाळत नव्हते. बिचारे माझी बातमी सांभाळत होते. ते खोटं त्यांनी सुरू केलेलं नव्हतं, मी केलेलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते आठवडाभर अगदी प्रेमाने वागवलं होतं.

घरी येऊन लीनाला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “मग आता?”

“नजरचूक म्हणून एक ओळ छापून आणतो. धवल देईल छापून.” धवल म्हणजे आमच्या पानाचा उपसंपादक.

“आणि मॅडमनी त्या नजरचुकीवरही विचारलं, की तेरा जणांवर नजर बरोबर पडली आणि एकावरच कशी चुकली?”

मी त्या रात्री जेवलो नाही. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. या वसाहतीत माझ्याकडे दुसरं काय होतं? पेन्शन सगळ्यांना आहे. रस्त्याने जाताना लोक थांबतात, चहा पाजतात, ते त्या यादीमुळे. ती गेली की मी गुडघा दुखणारा एक म्हातारा. शुक्रवारी दुपारपर्यंत मी तसाच बसून राहिलो. मग सात वर्षं पर्मनंट व्हायची वाट बघणारा तो माणूस, चूक माझी असताना ‘उपकार हुतील’ म्हणाला, ते आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. मोबाईल घेतला आणि एका दमात लिहिलं.

‘मागील आठवड्यात शुक्रवारी या पानावर माउलीनगर येथील ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या उद्घाटनाची बातमी आली होती. असा कार्यक्रम झालेला नाही. बातमीत ज्यांची नावे आहेत त्यांपैकी कोणीही त्या वेळी तेथे नव्हते. त्यांपैकी श्री. मच्छिंद्र ठाणगे हे आपल्या आईला घेऊन रुग्णालयात होते. ही बातमी कार्यक्रमाच्या वेळेआधी, घरी बसून लिहिली होती. ती मी लिहिली. त्यात बाकी कोणाचाही दोष नाही. — सुहास निसळ, वार्ताहर.’

ते छापून येईल की नाही याची शंका होती. पण आमच्या पानावर छोट्या बातम्या कुणी वाचून टाकत नाही, आल्या तशा जातात. माझ्या सव्वीस वर्षांच्या बातम्या अशाच गेल्या होत्या, ही पण गेली.

शनिवारी सकाळी आठला धवलचा फोन आला. आधी तो बराच वेळ ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, तुम्ही आता विश्रांती घ्या.” मी बरं म्हणालो. दूध आणायला गेलो तर हेडमास्तर समोरून येत होते, ते पलीकडच्या बाजूने गेले. देवश्रीताईंनी महिला मंडळाच्या ग्रुपमधून लीनाला काढून टाकलं. लीना म्हणाली, “चला, सकाळी उठून फुलांचे फोटो बघायचा त्रास वाचला.” पण तिला लागलं होतं.

दुपारी मच्छिंद्रचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. मॅडमनी अंक फाइलला लावला होता, यादीत त्याचं नाव कायम होतं. “सर, तुमी हे असं कशापायी छापलं? माझ्यापुरतं लिहायचं ना,” म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडलो. तो कारखान्याच्या गेटवर, मी स्वयंपाकघरात.

रविवारी मी दवाखान्यात गेलो. मच्छिंद्रची फर्स्ट शिफ्ट होती, त्याची बायको डबा आणायला घरी गेली होती. बायडाबाई पाय सरळ करून पडल्या होत्या, मुठीएवढ्या झालेल्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सर आलं व्हय? पेपरला द्यायाचं हाय का काई?”

“नाही हो. तुम्हाला बघायला आलो.”

त्यांना ते खरं वाटलं नसावं. त्यांनी मान वर करून माझ्या मागे दाराकडे पाहिलं. “आनि कोन कोन आलंय?”

“कुणी नाही,” मी म्हणालो. “मी एकटाच आलोय.”

त्यांनी हाताने खाटेजवळचं स्टूल दाखवलं. मी ते पुढे ओढलं आणि बसलो.