दातांचं आमच्याकडे नाही

तोफ हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाँड्रीतल्या लोकांनी ते पाडलं आणि तिनं हरकत घेतली नाही, म्हणून ते टिकलं. ती लाँड्रीची गाडी चालवायची. हॉटेलांतून मळक्या चादरी उचलायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. गल्लीत कुणी गाडी आडवी लावली असली, तर तिला हॉर्न वाजवायची गरज पडत नसे.

तिची वहिनी अगदी उलट. ती बालवाडीत शिकवायची आणि घरीही त्याच आवाजात बोलायची, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. तोफेचा भाऊ जहाजावर, इंजिनाच्या खोलीत कामाला. घरी कमी, समुद्रावर जास्त. त्यामुळे घरात या दोघीच. इतकी वर्षं एका छताखाली काढूनही त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला दोन माणसं लागतात आणि वहिनी कधी हजरच व्हायची नाही.

वहिनीची मागची खालची दाढ ठणकायला लागली तेव्हाही तिनं कुणाला सांगितलं नाही. लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, दुखणं थांबवायच्या गोळ्या घेतल्या आणि मुलांना गाणी शिकवत राहिली. तोफेच्या लक्षात आलं ते जेवताना. वहिनी पोळीचा तुकडा आमटीत भिजवून नुसताच गिळत होती.

तोफेनं ताबडतोब दातांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की डॉक्टरांची वेळ महिनाभर भरलेली आहे. तोफ म्हणाली, तातडीचं आहे. मुलगी म्हणाली, हो, तातडीच्या लोकांसाठी आम्ही वेगळी वेळ ठेवतो, ती पुढच्या आठवड्यात आहे.

तोफेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं, तितकंच गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठली ती हनुवटीखाली सूज घेऊनच. अंगात ताप होता आणि तोंड नीट उघडत नव्हतं. तोफेनं लाँड्रीला कळवलं की आज चादरी मळक्याच राहू देत, आणि वहिनीला गाडीत घालून सरकारी हॉस्पिटल गाठलं. तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरनं टेबलामागूनच मान उंचावून पाहिलं. कुठं दुखतंय, कधीपासून, एवढं विचारलं. दाढ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा मोकळा झाला. ओझं खाली ठेवायला जागा मिळालेल्या माणसासारखा.

"दातांचं आमच्याकडे नाही," तो म्हणाला. तापाची गोळी दिली आणि दातांच्या दवाखान्यात पाठवलं.

दातांचा दवाखाना दोन रस्ते सोडूनच होता. तिथं ती गोड आवाजाची मुलगी काचेपलीकडे बसलेली. वहिनीकडे बघून ती घाबरली, हे तोफेला स्पष्ट दिसलं. पण घाबरून ती आत डॉक्टरांकडे गेली नाही. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. सूज असलेल्या रुग्णांनी हॉस्पिटलमध्ये जावं, असं तिथं लिहिलं होतं. तोफ म्हणाली, आम्ही तिथूनच आलोय. मुलगी म्हणाली, मग परत जा.

म्हणजे सूज नव्हती तेव्हा पुढचा आठवडा, आणि सूज आली तर हॉस्पिटल. आणि हॉस्पिटलला दात दिसला की दवाखाना. तोफेच्या डोक्यात तिडीक गेली. माणसाचं तोंड काय धडाला भाड्यानं लावलेलं असतं? हात मोडला तर तो शरीराचा, पोटात दुखलं तर ते शरीराचं, आणि दाढ सडली की ती परक्याची?

हॉस्पिटलमध्ये परत गेल्यावर तिनं हे सगळं मोठ्यानं विचारलं. फारच मोठ्यानं. तिथल्या नर्सनं सांगितलं की सकाळीच सांगितलं होतं ना, आणि आता पाहायचंच असेल तर नंबर येईपर्यंत थांबा. तोफेचा आवाज आणखी चढला तेव्हा दारावरचा रखवालदार येऊन शेजारी उभा राहिला. त्या क्षणापासून सगळ्यांचं लक्ष तोफेवर होतं. जिच्यासाठी ती ओरडत होती तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. वहिनीनं तिची बाही ओढली. "जाऊ दे, बसू या."

बसल्या. शेजारी पाय मुरगळलेला एक सुतार होता, त्यानं सरकून जागा करून दिली. तोफ रागानं समोरच्या भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळानं तिचं लक्ष वहिनीकडे गेलं. वहिनी पुढं वाकून बसली होती. लाळ गिळता येत नसल्यानं ओढणीच्या टोकानं पुसत होती. काय होतंय, असं विचारल्यावर तिनं जे उत्तर दिलं ते तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखं होतं. शब्द कळलेच नाहीत.

तोफ उठून नर्सकडे गेली. या वेळी हळू बोलली. नर्स मान वर न करता म्हणाली, "तुमचंच एकट्यांचं दुखणं नाही, बाई."

तोफेनं सुताराला विचारलं, हिच्याकडे लक्ष ठेवाल का, आणि हिला आडवं होऊ देऊ नका. तो हो म्हणाला. मग ती धावतच दोन रस्ते ओलांडून दातांच्या दवाखान्यात शिरली, काचेपलीकडच्या मुलीला न विचारता सरळ आतलं दार ढकललं. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडलेले, त्यांच्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई वाकलेल्या. बाई चमकून बघू लागल्या. तोफ दम खात म्हणाली, "माझ्या वहिनीला थुंकी गिळता येत नाहीये. तुमच्या दारातून परत पाठवलीत तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर काढलं नाही. तीन-चार प्रश्न विचारले. तोंड किती उघडतं? जीभ वर उचलल्यासारखी दिसते? आवाज बदललाय? आणि प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हातमोजे काढले, त्या गृहस्थांची माफी मागितली आणि म्हणाल्या, "गाडी आहे?"

"धावत गेलो तर लवकर पोचू," तोफ म्हणाली.

दोघी धावल्या. बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंची नजर त्या पाटीवर गेली. ती पाटी त्यांनीच लावून घेतली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. सूज असलेला रुग्ण आला तर आपल्याला कळवायचं, हे मात्र त्यावर लिहायचं राहून गेलं होतं.

हॉस्पिटलात शिरताच त्यांनी वहिनीच्या हनुवटीखाली बोटं दाबली. तिथं लाकडासारखं घट्ट झालं होतं. त्या तशाच उठून त्या तरुण डॉक्टरच्या टेबलाशी गेल्या.

"दातांचं आमच्याकडे..." त्यानं सुरुवात केली.

"हे आता दातांचं नाही," बाई म्हणाल्या. "हे श्वासाचं आहे. गळा बंद होतोय तिचा. तुमच्या भूलतज्ज्ञांना आत्ता बोलवा."

आणि मग सगळं झालं. चाकांची खुर्ची आली, ऑक्सिजन आला, वरच्या मजल्यावरून माणसं धावत आली. ज्या दाराबाहेर सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं, त्याच दारातून वहिनीला पळवत नेलं. तोफ भिंतीला टेकून उभी राहिली. माणसं होती, खोल्या होत्या, औषधं होती. सगळं होतं. म्हणजे सकाळीही होतं. कशाची कमतरता असती तर तिनं समजून घेतलं असतं. पण कमतरता कशाचीच नव्हती, हे कळल्यावर तिला रडू आलं. ते भीतीचं नव्हतं, संतापाचं होतं.

वहिनीच्या नाकातून नळी घालून आधी श्वासाची वाट राखली, मग गळ्याखाली चीर देऊन पू काढला आणि ती दाढही उपटली. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की वाचली, पण आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तोफेनं विचारलं, उशीर कुणी केला? सर्जन म्हणाला, ते मला माहीत नाही, आणि खरंच त्याला माहीत नव्हतं.

वहिनी घरी आल्यावर तोफेनं तक्रार केली. हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी दोघींना बोलावलं. खोली थंडगार, खुर्च्या मऊ. अधीक्षक सज्जन होते. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, विभागांमध्ये समन्वय कमी पडतो हे मान्य केलं, आणि शेवट चांगला झाला याचं समाधान आहे असं म्हणाले. तोफेनं तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनं तिच्या हातावर हात ठेवला.

वहिनीचं तोंड अजून दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. गळ्यावर पट्टी होती. ती तिच्या नेहमीच्याच आवाजात बोलली.

"मला थांबा म्हणाले, मी थांबले. परत जा म्हणाले, परत गेले. माझ्या नणंदेसारखी मी एकदाही ओरडले नाही. तुमच्या इथं बसलेल्या प्रत्येकाचं मी ऐकलं. त्यात माझं काय चुकलं, ते मला सांगा."

अधीक्षक म्हणाले की तुमच्या चुकीचा प्रश्नच नाही.

"प्रश्न आहे," वहिनी म्हणाली. "तुमचं ऐकलं म्हणून मी मरणार होते. हिनं तुमचं ऐकलं नाही म्हणून वाचले. उद्या माझ्या वर्गातल्या मुलांना मी काय शिकवू?"

अधीक्षकांनी पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. तोफ वहिनीकडे बघतच राहिली. आपण दिवसभर ओरडून जे सांगू शकलो नाही, ते हिनं आवाज न चढवता समोर ठेवलं होतं, आणि समोरच्या माणसाला नजर वळवायला जागा उरली नव्हती.

पुढं डॉक्टरीणबाईंनी आपली पाटी काढली आणि हॉस्पिटलकडून कबूल करून घेतलं की अशा रुग्णाला नुसतं धाडायचं नाही, एका डॉक्टरनं दुसऱ्याशी फोनवर बोलून पाठवायचं. एवढंच. नवी इमारत नको, नवी माणसं नकोत, एक फोन. तोफेला हे कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. उलट तिचा राग नव्यानं पेटला. एवढंसंच होतं, तर ते करायला वहिनीचा गळा कापायला लागावा?

भाऊ जहाजावरून आला तेव्हा वहिनीच्या गळ्यावरचा व्रण बघून त्याला बसावंच लागलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, आपण हॉस्पिटलच्या लोकांसाठी फळांची मोठी परडी घेऊन जाऊ, सगळ्यांचे आभार मानू.

"सर्जनना मी भेटून आले," वहिनी म्हणाली. "भूल देणाऱ्या बाईंना भेटले, डॉक्टरीणबाईंना भेटले, त्या सुतारालाही शोधून काढलं. आता कुणाचे आभार राहिलेत?"

भाऊ म्हणाला, अगं, सगळ्यांचेच. त्यांची मनं राखायला हवीत.

"नको," ती म्हणाली.

भावानं बहिणीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं बायकोच्या तोंडून हा शब्द असा एकटा, पुढंमागं काही न जोडता, ऐकला नव्हता. तोफ गालातल्या गालात हसत होती आणि या वेळी तिनं एक अक्षरही काढलं नाही.