पट्टा काढलेली शिलाई मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. अंगाने लोखंडी आणि स्वभावाने थोडी कुरकुरी. पंजाबातल्या एका कारखान्यात मी घडले आणि घाटंजीच्या बाजाररस्त्यावर श्रावणदादांच्या दुकानात येऊन स्थिरावले. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा इंद्रजित माझ्यावर बसू लागला.

त्याच्या पायांचं कौतुक किती सांगू! त्याचे तळवे माझ्या पायडलावर पडले, की पट्टा फिरे, चाक घुमे आणि सुई अशी धावे, की बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक उभ्या उभ्या पायजमा शिवून नेई. "हात तं कोणाचेबी चालते, टेलर पायावरून वयखावं," असं तो म्हणायचा. मी गर्वाने फुगून जायची.

मग एका संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलला रानडुक्कर आडवं आलं. इंद्रजितचा मणका मोडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली दोरी पूर्ण तुटलेली नाही. मेंदूचा थोडा निरोप अजून पायांपर्यंत जातो. पायांना रोज काम द्या, नाही तर स्नायू वाळतील. दिलंत तर हा माणूस काठी धरून चालेलही.

घरी आल्यावर त्याची बायको साधना त्याला चाकाच्या खुर्चीतून माझ्यासमोर आणू लागली. त्याचे तळवे पायडलावर ठेवून ती जुन्या पातळाच्या पट्टीने बांधी. तो हाताने चाक फिरवी आणि पाय नुसते माझ्याबरोबर वरखाली होत.

"माहे पाय मेले, साधना. मेलेल्याले कायले रोज उठवतं?"

"डॉक्टर काय खोटं बोलला? फिरवा चाक!" ती म्हणे, आणि पाठ वळवून रडून घेई.

आणि एके दिवशी, मित्रांनो, त्याच्या उजव्या तळव्याने मला दाबलं. चाकाने ओढलं म्हणून नव्हे, त्याच्या स्वतःच्या पोटरीने! तान्ह्या लेकराने बोट धरावं एवढाच तो जोर. तळवा बधिर, म्हणून त्याला ते कळलं नाही. मला कळलं.

पण तेवढ्यात शाळा उघडायची वेळ आली आणि गणवेशांचा ढीग पडला. हाताने चाक फिरवून काम उरकेना. इंद्रजितचा दोस्त वाहिद मेकॅनिक. त्याचा जीव तुटत होता. त्याने मला मोटर बसवली, बटण हाताशी दिलं आणि पायडलाचा चामडी पट्टा काढून टाकला.

"आता पायाले तरास नाही, इंद्रा. राजासारखा बस."

इंद्रजित कित्येक दिवसांनी हसला. साधनाने वाहिदला चहा दिला. मला ओरडावंसं वाटलं, पण मशीनला कुठलं तोंड?

आता काम झपाट्याने होतं, घरात चूल पेटते. पाय मात्र पायडलावर नुसते पडलेले असतात. पोटऱ्या कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांसारख्या झाल्या आहेत.

आज सकाळी वाहिद म्हणाला, "हे खालचं पायडलाचं लोखंड कायले पाह्यजे आता? खुर्ची अडकून राह्यली. उद्या भंगारवाला येते, देऊन टाकू." कोणी नाही म्हटलं नाही.

आणि आज दुपारी तो उजवा तळवा पुन्हा दाबला गेला. पहिल्यापेक्षा जोरात. पायडल खाली गेलं. पट्टा असता तर चाक फिरलं असतं, इंद्रजितने दचकून पायाकडे पाहिलं असतं. पण मोटर घरघरत होती आणि तो गणवेशाची शिवण सरळ करत होता.

या भल्या माणसांवर मी रागावू तरी कशी? मित्रांनो, आजारी माणसाचं ओझं जरूर हलकं करा, पण त्याच्या अंगात उरलेलं काम हिरावून घेऊ नका. मायेनेही माणूस पांगळा होतो. आणि तुमच्यापैकी कोणी घाटंजीत असेल, तर भंगारवाल्याच्या आधी धावत या. साधनाला म्हणा, "काकू, मोटर बंद करा, खाली पाहा. काकाचा पाय हलून राह्यला!"