खडूची नावं

"आई, टीव्ही कशाला धुताय? भंगारातच चाललाय ना तो," तेजल म्हणाली.

"धूत नाही, पुसतेय," मी म्हटलं. "आणि भंगारात गेला तरी माझ्या घरातून जातोय. खाली पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी उभी असणार. त्यांना माझ्या घरची धूळ बघायची हौस असेल, मला दाखवायची नाही."

सून गप्प बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून या एका गोष्टीत ती हुशार आहे.

त्या रविवारी सकाळी सोसायटीत जुन्या इलेक्ट्रिक वस्तू गोळा करणारी गाडी येणार होती. खालच्या मजल्यावरची हर्षाली आमची सेक्रेटरी. तिनं मोबाईलवर सगळ्यांना कळवलं होतं, बंद पडलेलं काय असेल ते आणा, वायरी वेगळ्या, बॅटऱ्या वेगळ्या, उरलेलं वेगळं. लोकांच्या घरातून एखादी पिशवी निघते. आमच्या घरातून खोली निघाली.

खोली आमच्या ह्यांची. रविवार कारंजाजवळ एका जिन्याखाली ह्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हे आत बसले की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, एवढंच. ती इमारत पाडली तेव्हा दुकानातलं सगळं घरी आलं. तात्पुरतं आणतोय म्हणाले होते. पोटाडे टीव्ही, टेपरेकॉर्डर, रेडिओ, स्टॅबिलायझर, कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा. पुढे ह्यांचे हात कापायला लागले, सोल्डरिंगचा बारीक डाग देता येईना, तरी फळ्यांवरचं काही हललं नाही. दर खंडेनवमीला मी ह्यांच्या हत्यारांना हळदकुंकू लावायचे, तर हे म्हणायचे, "फळीवरच्यांना पण लाव. आपल्या घरात हायेत ना." मग एकेका डबड्याला बोट लावत फिरायचं.

इतके दिवस चाललं. पण त्या रविवारी दुपारी लासलगावची माणसं यायची होती. माझ्या नातीला, वेदिकाला, बघायला. बघायला म्हणजे नावालाच, पोरापोरीचं फोनवर ठरलेलंच होतं. तरी मोठी माणसं येणार, घर बघणार. त्यांची कांद्याची आडत, बंगला, दारात दोन गाड्या. त्यांच्या बाईंनी फोनवर मला विचारलं होतं, "आजोबा काय करायचे?" आणि मी म्हटलं होतं, "शोरूम होतं त्यांचं. इलेक्ट्रॉनिकचं."

शब्द तोंडातून गेला आणि मला काही वाईटसुद्धा वाटलं नाही. विकायचे नाहीत, दुरुस्त करायचे, एवढाच काय तो फरक, असं मनाशी म्हटलं. मग मात्र त्या खोलीचं दार डोळ्यांपुढे आलं. शोरूमवाल्याच्या घरात असली खोली असते का?

आदल्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं, खोली रिकामी करायची. हे म्हणाले, "माझं काय असंल ते दे. ज्याच्या पाठीवर खडूनं नाव हाय ते राहू दे. ते लोकांचं हाय."

"लोक मेले असतील आता."

"मेले असतील तर पोरं येतील."

"पोरांच्या घरात भिंतीएवढे टीव्ही आहेत, अहो. ह्या डबड्यासाठी कोण येतंय?"

"मग येऊन सांगतील ना, नको म्हणून. आपण कसं सांगायचं?"

या माणसाशी वाद घालण्यात मजा नाही. आवाज चढवतच नाही. मी हो म्हटलं आणि उठले.

सकाळी मीच ह्यांना दाढी-कटिंगला पाठवलं. पाहुणे यायचे तर चेहरा नीट हवा. ते गेल्यावर ओलं फडकं घेतलं. पहिला एक रेडिओ पुसला आणि बघते तर फडकं पांढरं झालेलं. खडू होता. ह्यांनी लिहिलेलं कुणाचं तरी नाव होतं ते. कुणाचं, ते मला सांगता यायचं नाही. मला अक्षरं ओळखू येतात, पण जुळवायला वेळ लागतो, आणि पुसल्यावर जुळवणार काय? पुढची नावं वाचायला तेजलला हाक मारता आली असती. पण सुनेनं वाचून दाखवायचं आणि सासूनं मान डोलवायची, हे माझ्याच्यानं झालं नाही. एक गेलंच आहे, म्हटलं, आणि सगळीच पुसली. दीपकनं, माझ्या मुलानं, सगळं लिफ्टमधून खाली नेलं. त्यानं एकदाच विचारलं, "अण्णांना विचारलंय ना?" मी म्हटलं, "मी काय खोटं बोलते का?"

खाली ताडपत्री अंथरलेली. रेहाना नावाची मुलगी हातमोजे घालून एकेक वस्तू क्रेटमध्ये लावत होती. मी म्हटलं, "पोरी, मोजे कशाला? माझ्या वस्तूला घाण नाही."

ती हसली. "दिसतंय ना आजी. पण सेल फुटलेले असतात आतमध्ये. हात जळतो."

"मिक्सरसुद्धा चकाचक," हर्षाली म्हणाली. "काकू, तुमच्यासारखं भंगार अख्ख्या नाशकात नसेल."

"शोरूमचा माल आहे," मी म्हटलं. चार बायका ऐकत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात हे आले. गुळगुळीत दाढी, केसांना न्हाव्यानं चोपडलेलं तेल, नवा शर्ट. ताडपत्रीकडे बघितलं आणि तिथंच उकिडवे बसले. एक रेडिओ उचलून उलटा केला. खाली ठेवला. दुसरा उलटा केला. मग क्रेटमध्ये हात घालून टेप काढला, त्याची पाठ बघितली, अंगठा फिरवून बघितला.

"अगं, पुंजाचा कुठला ह्यातला?" मला विचारलं. "हरसूलचा पुंजा. हिरव्या काट्याचा रेडिओ त्याचा."

"वर चला," मी हळूच म्हटलं.

ऐकलंच नाही. क्रेट पालथा करून आतलं सगळं ताडपत्रीवर ओतलं. वायरी, रिमोट, लोकांचे जुने मोबाईल, सगळ्यात हात. शर्टाच्या बाहीला काळं लागलं. बायका जवळ सरकल्या. वरच्या गॅलरीतून कुणी वाकून बघत होतं. ह्यांच्या वयाचा माणूस पोटाशी क्रेट धरून भंगारात चाचपतोय, आणि तो माझा नवरा.

"काका काय शोधतायत?" हर्षालीनं विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "हल्ली त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. काहीही उचलतात, कुणाचंही उचलतात."

हर्षालीचा चेहरा लगेच मऊ झाला. "अगं बाई. कधीपासून?"

"झालं वर्ष."

रेहाना म्हणाली, "बघू द्या ना बाबांना. गाडी निघायला वेळ आहे."

पण ह्यांचा हात थांबला होता. ह्यांचे हात गेले असतील, कान गेलेले नाहीत. सगळं दुकान ह्या कानांवर चाललेलं. हातातल्या रेडिओची अँटेना ह्यांनी आत ढकलली, कांडी कांडी करत, आणि तो नीट क्रेटमध्ये ठेवला. ओतलेलं सगळं परत भरलं. रिमोट रिमोटच्या क्रेटमध्ये, वायरी वायरींच्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठले.

हर्षालीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. लिफ्टपर्यंत, मग लिफ्टमध्ये. "सावकाश, काका. पाय उचला. हां, शाब्बास." ह्यांनी तिला धरू दिलं. मी शेजारी उभी होते. दंड सोड म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मग वर्षभराचं दुखणं कुठं गेलं म्हणून तिनं विचारलं असतं.

वर आल्यावर हे खोलीच्या दारात उभे राहिले.

"पुसलंस होय," म्हणाले.

"धूळ होती."

"हां."

त्यानंतर आंघोळीला गेले. मी गॅलरीतून बघितलं. रेहाना क्रेट गाडीत चढवत होती. हाक मारली असती तर थांबली असती ती. मी वाळत घातलेले कपडे काढत राहिले, गाडी फाटकातून बाहेर गेली तरी काढत राहिले. ते ओलेच होते.

दुपारी लासलगावची माणसं आली. तेजलनं कांदेपोहे करायचं काढलं होतं. मी म्हटलं, कांद्याच्या आडत्याला कांदा दाखवतेस? शिरा कर. मुलाचे वडील झुंबरशेठ, त्यांच्या बाई आणि मुलगा. माणसं साधी निघाली, हे मला आणखीच टोचलं. बाईंनी घर बघितलं. खोलीचं दार मी आधीच लोटून ठेवलं होतं, पण त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. बघायचं होतं कुणाला.

शिरा खाऊन झाल्यावर झुंबरशेठ ह्यांच्याकडे वळले. "अण्णा, आमच्या मंडळी म्हणत होत्या, तुमचं मोठं शोरूम होतं. आमच्या वडलांनी पहिला रंगीत टीव्ही नाशकातूनच आणलेला, ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांवर ठेवून. तुमच्याकडचाच असेल कदाचित. नाव काय होतं शोरूमचं?"

दीपक फरशीकडे बघायला लागला. वेदिका माझ्याकडे बघायला लागली. पोरगी लहानपणी त्या जिन्याखाली ह्यांच्या मांडीवर बसलेली आहे.

ह्यांनी बशी टीपॉयवर ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," हे म्हणाले. "काय आठवत नाय. ह्यांना विचारा. ह्यांना सगळं ठावं हाय."

उभ्या जन्मात मला 'ह्यांना' म्हणाले नव्हते.

बाई हळहळल्या. "असू द्या, असू द्या अण्णा," म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला उचलून ह्यांच्या हातात दिला, वरून स्वतःचा हात धरला. ह्यांनी लहान पोरासारखं पाणी प्यायलं. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

दुकानाला ह्यांचंच नाव होतं. पत्र्याच्या पाटीवर ह्यांनीच रंगवलेलं, देवराम रेडिओ. मी ते नाव उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही, आणि तेव्हाही घेतलं नाही.

"देवकृपा," मी म्हटलं. "देवकृपा इलेक्ट्रॉनिक्स."

"हां," हे म्हणाले. "तेच."

सुपारी फुटायचा दिवस ठरला. जाताना बाई माझ्या पाया पडल्या, म्हणाल्या, "आजी, तुमचं कौतुक आहे. अण्णांचं सगळं करून घर एवढं लख्ख ठेवता." वेदिका पाहुण्यांना सोडायला खाली गेली. परत आली ती माझ्याजवळ न येता सरळ तिच्या आईकडे गेली.

दिवेलागणीला हे दिसेनात म्हणून मी खोलीचं दार ढकललं. रिकाम्या फळ्यांपुढे हे उभे होते. फळ्यांवर धुळीत चौकोन उठले होते, लहान, मोठे, जिथं जे ठेवलेलं होतं तेवढे. मी वस्तू पुसल्या होत्या, फळ्या राहिल्या होत्या. चौकोनांच्या कडेला जागोजाग माझ्याच बोटाचं कुंकू सांडून वाळलेलं.

ह्यांनी एका चौकोनावर हात ठेवला. "पुंजा," म्हणाले. पुढच्यावर हात. "चिमणाबाई. कळवणची. मोटर गेलेली." पुढचा. "इब्राहिम, दूधबाजारातला. नुसती वायर तुटलेली त्याची." हात कापत होता, पण थांबत नव्हता. खालची फळी झाली, मधली झाली. एकही जागा चुकली नाही, एकही नाव अडलं नाही.

सकाळचं ते फडकं दारामागच्या खिळ्याला वाळत होतं, अजून पांढरं. मी ते काढून पदराखाली घेतलं आणि ह्यांची वरची फळी होईपर्यंत दारात उभी राहिले. दिवा लावला नाही.