सात नंबर बाद

नाना गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गावचे पुढारी काकासाहेब माइकवर म्हणाले, "बन्सी मानूस सोन्यासारखा. एक डाव चुकला तेवढाच. पन गेलेल्या मानसाची चूक काढू न्हाई."

मांडवात पुढे बसलेल्या आईने मान खाली घातली. बारा वर्षं ती नानांच्या त्या चुकीपायी मान खाली घालत आली आहे. चूक नानांची नव्हती. माझी होती. ती आज सांगायची की नानांबरोबर जाऊ द्यायची, एवढंच ठरवायचं उरलं होतं. काकासाहेबांनंतर मला बोलायचं होतं.

नाना, माझे वडील, एसटीत मेकॅनिक होते. ड्युटी संपली की हातांचं ग्रीस रॉकेलने काढायचे आणि गावातल्या पोरींना कबड्डी शिकवायचे. दसऱ्यानंतर निम्म्या पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या, म्हणून ते सतत घाईत असायचे. ओठ फुटला तर म्हणायचे, "थुंक आन उभी ऱ्हा." एका नियमात मात्र सूट नव्हती. चढाई करणारीचं बोट नुसतं कपड्याला लागलं, तरी पंचाची वाट न बघता स्वतः हात वर करून मैदानाबाहेर जायचं. दुसऱ्या गावचे संघ हसायचे. "बन्सीच्या पोरी असल्या की पंचानं झोपावं," म्हणायचे.

मी सोळा वर्षांची असताना शेजारच्या गावच्या यात्रेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. काकासाहेबांनी दोन टेम्पो भरून गाव आणलं होतं. चोवीस-चोवीस अशी बरोबरी, शेवटची चढाई त्यांची. माझ्या पाठीवर सात नंबर. ती पोरगी माझ्या डावीकडून वळली आणि तिच्या नखांत माझ्या शर्टाची कड अडकून सुटली. मला कळलं. पंचाने हात हलवून 'काही नाही' केलं. मी जागची हलले नाही.

नाना बाकावरून उठले. "साहेब, सात नंबर गेली. शर्टाला लागलंय."

पंचाने गुण दिला. सामना गेला.

पहिली खुर्ची मागून आली आणि नानांच्या पाठीवर फुटली. काकासाहेबांनी त्यांची कॉलर धरली. नानांपेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस.

"आमच्याच टेम्पोत बसून आमालाच बुडवतो व्हय रं? दावली का जात?"

"पोरीला इचारा," नाना म्हणाले. बाकी काही नाही. त्यांना माझी खात्री होती.

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. दोघांच्या हातांत दगड होते. आमच्याच आळीतला भिमाजी ओरडला, "वृषे, बोल की! लागलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तोवर एक खुर्ची सोडली तर ते नुसते ढकलत होते. त्यानंतर मारू लागले. नाना पडल्यावर बरगड्यांत लाथा, मग तोंडावर. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज येत होता. काकासाहेबांनी त्यांचा उजवा पंजा चुन्याच्या रेषेवर दाबून धरला आणि दुसऱ्या कुणीतरी त्यावर टाच फिरवली. बोटं मोडताना मी ऐकली. चुना लाल झाला. सबंध वेळ नाना माझ्याकडे बघत होते.

तीन बोटं वाकडीच राहिली. पाना धरता येईना, तेव्हा त्यांना डेपोच्या फाटकावर राखणीला बसवलं. आई रोज जेवताना ऐकवायची, "पंच न्हाई म्हनला, पोरगी न्हाई म्हनली. तुमालाच काय नडलं हुतं खोटं बोलायला?" नाना डाव्या हाताने भाकरी मोडायचे. तिला त्यांनी कधी खरं सांगितलं नाही. मलाही काही विचारलं नाही. पुढे मी खूप शिकले, नगरला नोकरीला लागले, सुट्टीला घरी येत राहिले, आणि प्रत्येक वेळी त्या दोघांच्या मध्ये बसून जेवले.

माझं नाव पुकारलं. भाषण लिहून आणलं होतं, ते मी उघडलं नाही.

"लागलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी माझ्या शर्टाला लागलं होतं. नाना खरं बोलले. मी खोटं बोलले."

मग आई उठली. बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत ती माझ्यापर्यंत आली. पहिली चपराक बसली तेव्हा माइक खाली पडून किंचाळला. दुसरीने माझा चष्मा उडाला. मग तिने माझे केस मुठीत धरले, मला खाली ओढलं आणि पाठीत बुक्क्या घालायला लागली. चौसष्ट वर्षांची बाई. एवढं बळ तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"बारा वर्सं," ती धापा टाकत म्हणत होती. "बारा वर्सं मी त्यांना खोटारडा म्हनले. भरल्या ताटावर म्हनले. आन तू समोर बसून ऐकत हुतीस."

ऐकत होते. माझ्या तोंडात रक्ताची चव आली.

काकासाहेब लगबगीने पुढे आले आणि तिचं मनगट धरू लागले. "सुमनबाई, सोडा तिला. झालं गेलं. लेकरू हुतं ते."

आईने हात हिसकून घेतला. तिच्या मुठीत माझे केस तसेच होते.

"काकासाहेब, मागं सरा," ती म्हणाली. "हिचं झालं की तुमच्याकडंच येते."